वाचक विचारतात : जुनी वर्तमानपत्रे आणि ती काढणारी माणसे

पत्रकार दिनाच्या निमित्ताने जुन्या मराठी वर्तमानपत्रांविषयी आणि त्यांच्या संपादकांविषयी प्रश्न पाठवा, असे आम्ही सुचवले होते. आलेल्या पत्रांतली निम्मी ‘खरे काय?’ विचारणारी होती आणि उरलेली ‘घरात अंक सापडला, काय करू?’ विचारणारी. दोन्ही प्रकारचे काही निवडले आहेत.

प्रश्न : ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ या अग्रलेखाबद्दल टिळकांना १८९७ साली दीड वर्षाची शिक्षा झाली, असे उत्तर माझ्या मुलीने प्रश्नमंजूषेत दिले. परीक्षकांनी ते चूक ठरवले. आमच्या घरी तर सगळ्यांना तेच पाठ आहे. – वाचक, सोलापूर

परीक्षक बरोबर आहेत, आणि त्यांचे अभिनंदन, कारण हे चुकीचे उत्तर भल्याभल्यांच्या तोंडी बसले आहे. तो अग्रलेख ६ जुलै १८९७ चा. त्यानंतरच्या मंगळवारी, १३ जुलैला, ‘राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे’ आला. खटला मात्र या दोहोंवर भरलाच नव्हता. आरोप होता तो १५ जून १८९७ च्या केसरीतल्या मजकुरावर. त्यात ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता होती आणि पुण्यातल्या शिवाजी उत्सवात झालेल्या भाषणांचा वृत्तान्त होता. त्या भाषणांत अफजलखानाच्या वधाची चर्चा झाली होती.

घोटाळा कसा झाला हे तारखा ओळीने मांडल्या की दिसते. १५ जूनचा अंक निघाला. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. ३ जुलैला तो मेला. ६ जुलैचा अग्रलेख त्यानंतरचा आहे. सरकारला दाखवायचे होते की लेख वाचून खून झाला, आणि खुनानंतरचा लेख त्या कामाचा नव्हता. आज त्या अग्रलेखाचा मथळा लक्षात राहतो, कारण तो आहेच तसा खणखणीत. कविता कुणाला आठवत नाही.

टिळकांना २७ जुलैला मुंबईत अटक झाली. न्या. बद्रुद्दीन तय्यबजींनी जामीन दिला. सप्टेंबरमध्ये न्या. स्ट्रॅची यांच्यापुढे खटला चालला. ज्यूरीत नऊ जण होते. सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी ज्यूरर्सनी निर्दोष. १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. सुटका ६ सप्टेंबर १८९८ ला, म्हणजे मुदतीच्या आधी.

१९०८ चा खटला वेगळा. तो ‘देशाचे दुर्दैव’ (१२ मे) आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ (९ जून) या लेखांवर होता. न्यायाधीश दिनशा दावर. हेच दावर १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते. ज्यूरी सात विरुद्ध दोन, शिक्षा सहा वर्षे काळे पाणी आणि हजार रुपये दंड, तारीख २२ जुलै.

मुलीला एक हत्यार देऊन ठेवा. टिळकांच्या हयातीत केसरी मंगळवारी निघत असे, आणि पहिला अंक ४ जानेवारी १८८१, हाही मंगळवारच. कुणी केसरीच्या लेखाची तारीख सांगितली की ४ जानेवारी १८८१ पासूनचे दिवस मोजा आणि ७ ने भागा. बाकी उरली तर तारीख चुकली आहे. १५ जून १८९७ घेऊन पाहू. १६ वर्षांचे ३६५ प्रमाणे ५,८४० दिवस झाले. मध्ये १८८४, १८८८, १८९२ आणि १८९६ ही लीप वर्षे येतात, त्यांचे ४ दिवस. ४ जानेवारी ते १५ जून १६२ दिवस. बेरीज ६,००६, म्हणजे नेमके ८५८ आठवडे. १९०० ओलांडून मोजताना एवढेच लक्षात ठेवा, की १९०० ला चारने भाग जात असला तरी ते लीप वर्ष नव्हते. इथेच बहुतेकांचा हिशेब एका दिवसाने घसरतो.

प्रश्न : केसरीचे पहिले संपादक टिळक ना? – वाचक, लातूर

आगरकर. १८८१ पासून १८८७ पर्यंत केसरी गोपाळ गणेश आगरकरांकडे होता आणि इंग्रजी मराठा टिळकांकडे. मतभेद वाढल्यावर आगरकर बाहेर पडले आणि १५ ऑक्टोबर १८८८ ला त्यांनी सुधारक सुरू केला. त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले लिहीत.

त्याआधी दोघे मिळून तुरुंगात जाऊन आले होते. कोल्हापूरच्या महाराजांना, चौथ्या शिवाजींना, मिळणाऱ्या वागणुकीबद्दल केसरी-मराठात लेख आले. त्यात दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप होते. आधाराची पत्रे बनावट निघाली, आणि अब्रूनुकसानीच्या खटल्यात दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. १७ जुलै १८८२ ला आत, २६ ऑक्टोबरला बाहेर. दिवस मोजले तर १०१ भरतात, आणि आगरकरांनी पुढे लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातही तोच आकडा आहे. खटला चालू असताना जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेट उरवणे यांनी दहा हजारांचा जामीन भरला होता. पुढच्या काळातली भांडणे डोक्यात ठेवून मागचे वाचणाऱ्यांना हे पचत नाही.

प्रश्न : पणजोबांच्या ट्रंकेत एका मराठी वर्तमानपत्राचा अंक मिळाला. वरचा कोपरा फाटून गेला आहे. ‘शके’ आणि त्यापुढचे दोनच आकडे वाचता येतात. साल कसे काढायचे? – वाचक, चिपळूण

शके पूर्ण मिळाले तर काम सोपे असते. चैत्र ते मार्गशीर्ष असेल तर ७८ मिळवा, माघ-फाल्गुन असेल तर ७९. पौष तेवढा दोन्ही दगडांवर पाय ठेवून असतो, कारण त्यात बहुधा डिसेंबर संपून जानेवारी लागतो. दर्पणचा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ चा. तिथे पौष, शके १७५३, म्हणून ७९ मिळवायचे. इथे ७८ मिळवणाऱ्याचे दर्पण एक वर्ष आधीच निघते.

तुमचे दोन आकडे गेले आहेत, तर संवत्सराचे नाव शोधा. ‘विक्रमनाम संवत्सरे’ असे काहीतरी शेजारी असण्याची शक्यता असते. शकात १२ मिळवून ६० ने भागले की जी बाकी उरते तो त्या संवत्सराचा क्रमांक, प्रभव पहिला धरून. शके १८०२ मध्ये १२ मिळवले की १८१४, बाकी १४, आणि चौदावे नाव विक्रम. पंचांगात साठही नावे असतात. नाव कळले की साठ-साठ वर्षांच्या अंतराने दोन-तीनच पर्याय उरतात, आणि हाती असलेले दोन आकडे ते आणखी कमी करतात.

तेही नसेल तर शेवटचे पान उलटा आणि तळाशी बघा. ‘हे पत्र अमक्यांनी तमक्या छापखान्यात छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले’ ही बारीक टाइपातली ओळ १८६७ च्या कायद्याने सक्तीची झाली. मुद्रक, प्रकाशक आणि ठिकाण ही नावे छापावीच लागत. ही ओळ मिळाली की अर्धे काम झाले, कारण छापखाने पत्ते बदलत, मुद्रक बदलत, आणि त्या बदलांच्या नोंदी सापडतात. संपादकाचे नाव छापणे मात्र १९२२ च्या दुरुस्तीनंतर बंधनकारक झाले. त्यामुळे त्याआधीच्या अंकावर संपादकाचे नाव नसले तर नवल नाही, आणि जे नाव आहे तोच लिहिणारा, असेही समजू नका.

आणखी एक सावधगिरी. गाजलेल्या पत्रांच्या पहिल्या अंकांच्या प्रतिकृती शताब्दीला, जयंतीला छापल्या जातात आणि पन्नास वर्षांनी त्याच ‘मूळ अंक’ म्हणून ट्रंकेतून निघतात. पानाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवा. खिळ्यांनी, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांनी, छापलेल्या कागदावर अक्षरांचा दाब जाणवतो. ऑफसेटवर छापलेला कागद गुळगुळीत असतो. भिंगाखाली पानावरचे डाग आणि घड्याही ठिपक्या-ठिपक्यांनी छापलेल्या दिसल्या तर ती प्रतिकृती आहे, यात शंका धरू नका.

प्रश्न : शाळेच्या कोठारात जुनी ट्रेडल (पायाने चालवायचे छपाईयंत्र) आणि देवनागरी खिळ्यांच्या चार केस (घरे पाडलेले खण) पडून आहेत. पत्रकार दिनाला मुलांसमोर दहा ओळींचा रकाना खिळे जुळवून छापायचा आहे. कसे करावे? – शिक्षक, कोल्हापूर जिल्हा

करा, जरूर करा. बाळशास्त्री जांभेकरांपासून आंबेडकरांपर्यंतची नावे मुलांना पाठ असतात. ज्या जुळाऱ्यांनी त्यांचे शब्द एकेक अक्षर उचलून उभे केले, त्यांचे काम या निमित्ताने दिसेल.

आधी दोन पथ्ये. खिळ्यात बहुतांश शिसे असते, सोबत अँटिमनी आणि थोडे कथील. शिशाने वजन येते, अँटिमनीने कडकपणा, कथिलाने ओतीव धातू साच्याच्या कोपऱ्यापर्यंत वाहतो. म्हणून खाऊचा डबा त्या खोलीत नको, काम संपल्यावर साबणाने हात धुवायचे, आणि केसमधली धूळ तोंडाने फुंकायची नाही. ती ओल्या फडक्याने किंवा व्हॅक्यूमने काढा. दुसरे पथ्य ट्रेडलचे. मिटणाऱ्या जबड्यात कागद घालण्याचे काम फक्त सवय असलेल्या मोठ्या माणसाने करावे. असा माणूस मिळत नसेल तर ट्रेडलला हात लावू नका, गॅलीवरच, म्हणजे जुळवलेल्या ओळी ठेवायच्या तबकावर, हातरोलर फिरवून प्रूफ काढून दाखवा. मुलांना तेवढीच गंमत वाटते.

रकान्याची रुंदी १२ पायका एम ठेवा, म्हणजे दोन इंच. बारा पॉइंटच्या टाइपात एका ओळीला स्पेस धरून साधारण अठरा-वीस खिळे लागतात. दहा ओळींना दोनशेच्या आत भागते. मजकूर निवडताना जोडाक्षरे कमी असलेला घ्या. इंग्रजीला वरची आणि खालची अशा दोन केस पुरतात. देवनागरीत काना-मात्रा, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे मिळून अनेकशे घरे होतात. जुळारी दोन केस समोर आणि बाकीच्या बाजूला लावून मध्ये उभा राही. हे खिळे कमी करण्याच्या खटपटीत खुद्द टिळकांनी डोके घातले होते, ते उगाच नाही.

स्टिक, म्हणजे ओळ जुळवायचे धातूचे लहान तबक, डाव्या हातात धरा, माप पक्के कसा, तळाशी पितळी रूळ ठेवा. उजव्या हाताने खिळा उचलायचा. अंगावर एक खाच असते, ती स्टिकच्या उघड्या बाजूला आली पाहिजे. मग अक्षर आपोआप उलटे, म्हणजे डोके खाली असे बसते. ओळ डावीकडून उजवीकडेच भरायची आणि अक्षरे उलटी वाचायची. मुले आरशातल्यासारखे उजवीकडून भरू लागतात, तिथे थांबवा. शेवटच्या खिळ्यावर डावा अंगठा कायम दाबलेला हवा.

खरी परीक्षा ओळ भरल्यावर. शब्दांमधल्या स्पेस बदलून ओळ अशी घट्ट करायची, की स्टिक थोडी पुढे कलली तरी ती स्वतःच्या बळावर उभी राहील, पण बोटाने सरकवली तर सरकेल. सैल राहिली तर छापताना शाईचा रोलर खिळे वर ओढतो आणि एखादे अक्षर पानभर काळा डाग पाडते. फार ठासली तर त्या ओळीपाशी रकाना फुगतो आणि शेजारच्या धड ओळी सैल होतात. नवशिके दुसरी चूक जास्त करतात, कारण घट्ट म्हणजे चांगले असे वाटते.

मात्रांकडे विशेष लक्ष द्या. काही टाइपांत मात्रा, अनुस्वार, रफार अक्षरासकट ओतलेले असतात, त्यांना अखंड म्हणतात. डिग्री टाइपात ते वेगळ्या लहान खिळ्यावर असतात आणि अक्षरावर बसवावे लागतात. काही खिळ्यांची मात्रा अंगाबाहेर आलेली असते, आणि शेजारच्या खिळ्यावर आपटली की पहिली तीच मोडते. तेवढ्याने ‘मोर आला’चे ‘मार आला’ होते. अनुस्वार गेला तर ‘वंदन’चे ‘वदन’. जुन्या अंकांत असे शब्द दिसले की लेखकाला अशुद्ध म्हणण्याआधी खिळ्याकडे बघावे. आणि घ-ध, भ-म, ब-व यांची अदलाबदल दिसली तर बहुतेक वेळा आदल्या दिवशी खिळे परत सोडताना कुणीतरी चुकीच्या घरात टाकलेले असतात.

सहा-आठ ओळी झाल्या की दोन्ही हातांच्या बोटांनी चारही बाजूंनी दाबून गॅलीत उतरवा आणि भोवती सुतळीचे चार-पाच वेढे घ्या. हातरोलरने शाई, वर किंचित ओलसर कागद, आणि हलक्या दाबाने प्रूफ. दुरुस्ती करताना चिमट्याने अक्षराचे तोंड धरू नका. चिमटा घसरतो आणि शेजारचे तीन चेहरे ओरखडतो. ओळ सैल करा, खिळा अंगाला धरून उचला.

मग सपाट दगडावर चेस (लोखंडी चौकट) ठेवून त्यात रकाना, भोवती फर्निचर म्हणजे लाकडी पट्ट्या, आणि कॉइन म्हणजे आवळायच्या पाचरी. कॉइन एकदम आवळू नका. सगळे थोडे थोडे कसा, मध्ये सपाट ठोकळा ठेवून हलके ठोका म्हणजे वर आलेले खिळे बसतील, मग पुन्हा कसा. चेसचा एक कोपरा इंचभर उचलून पाहा. काही खाली पडले नाही तर फर्मा, म्हणजे छापायला आवळलेला मजकूर, तयार. खिळ्याची उंची ०.९१८ इंच असते. जुने, झिजलेले अक्षर केसाएवढे खाली राहते आणि फिके उठते. अशा वेळी शाई वाढवणे हा आळशी उपाय आहे, त्याने बाकीची अक्षरे भरून जातात. त्या जागी छापायच्या कागदामागच्या पॅकिंगमध्ये पातळ कागदाचा तुकडा चिकटवा.

छपाई झाल्यावर रॉकेलने फर्मा पुसा, वाळू द्या, आणि खिळे परत घराघरात सोडायला मुलांना बसवा. हे काम कंटाळवाणे आहे. त्यातूनच अक्षरांची ओळख पक्की होते.

खिळे ओतणाऱ्या फाउंड्रीचे नाव सापडते का तेही बघा. मुंबईत जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइप फाउंड्री आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या ठशांचे पंच (पोलादी मूळ अक्षरे) कोरणारे राणोजी रावजी आरू हे त्या काळातले खरे कलावंत, आणि त्यांचे नाव आज कुठल्या प्रश्नमंजूषेत येत नाही.

प्रश्न : ६ जानेवारी हा बाळशास्त्रींचा जन्मदिवस म्हणून पत्रकार दिन का? – वाचक, पुणे

दिवस दर्पणचा आहे. ६ जानेवारी १८३२ ला पहिला अंक निघाला. आधी पाक्षिक, मे १८३२ पासून साप्ताहिक. पानावर दोन उभे रकाने होते, एकात इंग्रजी, दुसऱ्यात तोच मजकूर मराठीत. १८४० मध्ये दर्पण बंद झाले आणि त्यांनी दिग्दर्शन हे मासिक काढले. बाळशास्त्री पोंभुर्ल्याचे, जन्म १८१२, मृत्यू मे १८४६. दर्पण निघाले तेव्हा ते विशीत होते. जन्मतारखेबद्दल मतभेद आहेत, दर्पणच्या तारखेबद्दल नाहीत.

प्रश्न : रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंड्यांनी मिळवून दिली म्हणतात. त्यांचा वर्तमानपत्राशी काय संबंध? – वाचक, ठाणे

थेट संबंध. दीनबंधु हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ ला पुण्यात सुरू केले. पैशांअभावी ते अडखळले तेव्हा लोखंड्यांनी १८८० मध्ये हाती घेतले आणि मुंबईहून चालवले. स्वतः गिरणीत काम केलेला संपादक असल्यामुळे त्यांच्याकडे नुसती कळकळ नव्हती, तपशील होता.

सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या वाचल्या की त्या काळचे दिवस डोळ्यांपुढे येतात. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचा अपंग झाला तर पोटापाण्याची सोय. ‘सूर्यास्ताला बंद’ असे मागावे लागले, कारण गिरण्या उजेडावर चालत आणि उन्हाळ्यात दिवस लांबला की पाळीही लांबे.

रविवारची मागणी १० जून १८९० ला गिरणीमालकांनी मान्य केली. त्याआधी २४ एप्रिलला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली होती आणि तीत दोन कामगार स्त्रिया बोलल्या होत्या. लोखंडे फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगने गेले.

प्रश्न : त्या काळी कुणी स्त्री संपादक होती का? – वाचक, वडोदरा

तानुबाई बिर्जे, आणि पत्र तेच, दीनबंधु. पती वासुदेवराव बिर्जे १९०८ मध्ये वारल्यावर त्यांनी संपादन हाती घेतले आणि १९१२ पर्यंत चालवले. वासुदेवराव सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालयात नोकरीला होते, म्हणून हा प्रश्न वडोद्याहून यावा हे छान जुळले.

प्रश्न : मूकनायकच्या अंकावर डॉ. आंबेडकरांचे नाव संपादक म्हणून का नाही? – वाचक, नागपूर

मूकनायक ३१ जानेवारी १९२० ला सुरू झाले तेव्हा बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. ती सरकारी नोकरी होती, त्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकरांचे नाव लागले. संपादकाचे नाव छापण्याची सक्तीच १९२२ ची, हे वर आलेच आहे. लेखणी कुणाची, हे पहिला अग्रलेख वाचणाऱ्याला सांगावे लागत नाही. शाहू महाराजांनी पत्रासाठी अडीच हजार रुपये दिले होते. शिरोभागी तुकोबांचा अभंग असे. बाबासाहेब जुलै १९२० मध्ये शिक्षण पुरे करायला लंडनला गेले, आणि पत्र काही काळाने बंद पडले.

३ एप्रिल १९२७ ला निघालेल्या बहिष्कृत भारताचे ते स्वतः संपादक होते. तिथे शिरोभागी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या आल्या. अंकाचे रकानेच्या रकाने त्यांना एकट्याने भरावे लागत. १९२९ मध्ये तेही थांबले. दोन्ही पत्रांचे उपलब्ध अंक महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये एकत्र छापले आहेत. मूळ अंक हाती घेण्याचा हट्ट धरण्याआधी तो खंड वाचा.

प्रश्न : काळ हे पत्र इंग्रजांनी बंद पाडले म्हणजे नेमके काय केले? – वाचक, महाड

तुमच्या गावचेच शि. म. परांजपे त्याचे संपादक. १८९८ मध्ये सुरू झालेल्या या साप्ताहिकाचे शस्त्र म्हणजे वक्रोक्ती. वर स्तुती आणि आत चिमटा, त्यामुळे सरकारी भाषांतरकाराची पंचाईत होई. १९०८ मध्ये परांजप्यांना राजद्रोहाबद्दल एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. तरी पत्र त्याने मेले नाही. मारले ते १९१० च्या प्रेस कायद्याने. नव्या छापखान्याकडून ५०० ते २,००० रुपये, जुन्याकडून ५,००० पर्यंत जामीन मागता येई. तो जप्त झाला की पुढचा जामीन १,००० ते १०,०००. खटला नको, ज्यूरी नको, साक्षीपुरावा नको. संपादक तुरुंगात गेला तर दुसरा बसवता येतो, पण वर्गणीवर चालणाऱ्या साप्ताहिकाने एवढी रोकड कुठून आणायची? काळ त्याच वर्षी बंद झाला.

हरवलेल्या अंकांसाठी एक वाट आहे. देशी भाषांतल्या पत्रांतील मजकुराचा इंग्रजी गोषवारा सरकार आपल्या अधिकाऱ्यांसाठी दर आठवड्याला छापत असे. ते अहवाल मुंबईच्या पुराभिलेखागारात पाहता येतात. त्यातले वाक्य लेखकाचे शब्द म्हणून मराठीत उलटवून छापू नका. वक्रोक्ती त्या भाषांतरात टिकलेली नसते.

प्रश्न : १९२०-३० चे अंक तुकडे होऊन पडत आहेत, पण त्याच पेटीतली १८५० ची पोथी ठणठणीत. हे उलटे कसे? आणि आता काय करू? – वाचक, रत्नागिरी

कागद वेगळा आहे. जुना कागद चिंध्यांच्या लगद्याचा, त्याचे तंतू लांब. वर्तमानपत्रांचा स्वस्त कागद पुढे लाकडाच्या लगद्यावर आला. त्यात लिग्निन हे लाकडातले द्रव्य राहते. उजेड आणि हवा लागली की ते पिवळे पडते, आम्ल तयार होते आणि तेच तंतू तोडते. म्हणून दर्पणच्या काळातले पान घडी सोसते आणि १९२५ चे सोसत नाही.

पहिले काम नकारांचे. लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको, रबर नको, उन्हात वाळवणे नको. पूर्वीच्या बुकबाइंडरांप्रमाणे खळीत मोरचूद तर मुळीच नको. त्यातले तांबे कागद आणखी लवकर जाळते.

कसर दिसत असेल तर अंक पॉलिथिनच्या पिशवीत घालून हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर कोकणातली दमट हवा थंड कागदावर पाणी धरेल. पाने पाण्याने एकमेकांना चिकटली असतील तर स्वतः सोडवू नका.

फाटलेल्या जागी जपानी टिश्यूची (पातळ पण चिवट कागदाची) बारीक पट्टी आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ. कुरडयांसाठी गहू भिजवून चीक काढतात, तो निवळल्यावर तळाशी बसणारा पांढरा भाग म्हणजे हे सत्त्व. एक भाग सत्त्व, पाच-सहा भाग पाणी, मंद आचेवर ढवळत अर्धा तास. गार झाल्यावर गाळा, अगदी पातळ लावा, वर वजन ठेवा. ही खळ दोन-तीन दिवसांत आंबते, उरलेली टाकून द्या.

अंक घडी न घालता आडवे, आम्लविरहित कागदाच्या खोक्यात, मधे तसलाच कागद. पलंगाखाली नको, माळ्यावर नको, बाहेरच्या भिंतीला लागून नको. वापरायला छायाचित्रे घ्या. दोन दिवे दोन बाजूंनी ४५ अंशांत, कॅमेरा पानाला समांतर, शेजारी एक पट्टी, आणि फाइलच्या नावात पत्राचे नाव, साल, महिना, दिवस.

आणि एखादा आवडता लेख कात्रण म्हणून कापून काढू नका. त्याचा वार, शके आणि शेवटच्या पानाच्या तळची ओळ अंकातच राहते, आणि पुढच्या पिढीला तो कुठला हे सांगता येत नाही. आधीच कापलेली असतील तर मागे पेनने लिहू नका. मऊ पेन्सिलने वेगळ्या चिठ्ठीवर जे माहीत आहे ते लिहा आणि चिठ्ठी कात्रणासोबत एकाच पाकिटात ठेवा.